अठरा मशीनं आणि उतू गेलेलं दूध

चौगुले सरांचा हात अकरा नंबरच्या मशीनच्या बटणाकडं गेला आणि मी तो मनगटाला धरून थांबवला.

बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या मनगटाला हात घालणारी मी नव्हे. मी तर वर्गात खडू पडला तरी दचकणारी. त्यांनी आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी हात काढून घेतला, पण बटणाच्या आणि त्यांच्या मधेच उभी राहिले.

"बंद करू नका, सर."

"मॅडम, अडकलंय ते. बंद करून चालू केलं की सुटतंय. आमच्या कॉलेजात रोज करतो आम्ही."

"तुमच्याकडच्या मशीनना चालत असेल सर. ह्यांना नाही चालत."

बारावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होऊन पन्नास मिनिटं झाली होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी अठरा मुलींचे अठरा पडदे एकाच क्षणी गोठले होते. की दाबली तरी अक्षर उमटेना. माझ्या टेबलावर एकोणिसावं मशीन होतं, त्याच्या काळ्या पडद्यावर मात्र एक नवी ओळ आली होती. इंग्रजी ओळ ती, मराठीत सांगायची तर एवढीच: सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे.

अकरा नंबरला तबस्सुम मुल्ला बसली होती. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, माझं गेलं का?"

"गेलं नाही. थांबलंय."

हे मी इतक्या ठामपणे कशाच्या जोरावर बोलले ते सांगायचं तर आधी त्या मशीनची गोष्ट सांगायला हवी.

येरळेच्या काठचं आमचं गाव. तिथल्या मुलींच्या ज्युनिअर कॉलेजात मी त्या वर्षी तासिका तत्त्वावर लागले होते. आदल्या उन्हाळ्यात एका बँकेनं आपली जुनी मशीनं कॉलेजला देऊन टाकली, पण देताना प्रत्येकाच्या पोटातली डिस्क काढून घेतली. बँकेचा हिशेब असा बाहेर कसा देणार? झाकण उघडलं की आत डिस्कच्या जागी नुसती भोकं आणि चार स्क्रूंच्या खुणा. स्टाफरूममध्ये सगळे त्यांना डबे म्हणायचे. आमच्या प्राचार्याबाईंनी मला मुलाखतीतच विचारलं होतं, ह्या डब्यांचं काही होईल का. मी होईल म्हणाले. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आम्ही तसा प्रयोग केलेला होता. एकाच मशीनला डिस्क ठेवायची, ते झालं सर्व्हर. बाकीची वायरीनं त्याला जोडायची. बटण दाबलं की डिस्क नसलेलं मशीन वायरीवर हाक मारतं, मी कोण? सर्व्हर त्याला ओळखतो, नाव सांगतो, आणि मग मागेल तसं एकेक देत जातो. मशीन कामाला लागतं. वापरणारीला वाटतं सगळं समोरच्या डब्यातच आहे. असतं मात्र भिंतीपलीकडं.

आमच्याकडं भिंतीपलीकडं शिवणवर्ग होता. लॅबच्या दाराला नुसती कडी, शिवणवर्गाला कुलूप. म्हणून सर्व्हर तिथं, पायमशीनच्या रांगेशेजारी. किल्ली हौसाबाईंच्या कमरेला. हौसाबाई कॉलेजच्या सेविका, एकवीस वर्षांची नोकरी झालेल्या. पहिल्यांदा डबे सुरू झाले तेव्हा त्या झाडू हातात धरून पाठीमागं उभ्या होत्या.

"मंजी ह्येला सोताचं कायबी ठावं न्हाई?"

"काहीच नाही."

"नावबी न्हाई?"

"नाव पण सर्व्हर सांगतो."

"मंजी तान्हं पोरच की वो." आणि त्यांनी एका डब्यावरून फडकं फिरवलं, दुसऱ्यावरून, असं करत अठरा पुसले.

तान्हं पोर माझ्याही घरी होतं. जुई तेव्हा नऊ महिन्यांची. अंगावरच पिणारी. बाटली तोंडाला लावली की जीभ बाहेर काढायची, वाटी-चमचा तर उडवूनच द्यायची. मी रात्री उठून तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चाललाय ना बघायची. कॉलेजात आले की सर्व्हरच्या पाठीला हात लावून बघायची, तापलाय का. एवढ्या दोन जिवांची काळजी करायला मला चोवीस तास पुरत नव्हते.

दोन तास घेऊन मी घरी पळायची, जुईला पाजायची, परत यायची. परीक्षेच्या दिवशी ते जमणार नव्हतं. सकाळी नऊला आत, दुपारी दीडला बाहेर. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. आदल्या रात्री त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जा तू. बघते मी." एवढंच. त्या कमी बोलायच्या. ते कमी बोलणं रागाचं असतं असा माझा लग्नापासूनचा समज. ह्या नोकरीबद्दल त्यांनी कधी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. घर माझ्याकडं देऊन मशीनं उघडायला जाती, असं एकदा शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं. ते कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नव्हतं आणि विचारायचं धाडस नव्हतं.

तर असा तो दिवस. चौगुले सर शेजारच्या तालुक्यातून आलेले, साठीकडं झुकलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी घड्याळ बघितलं.

"नियम साधा आहे, मॅडम. मशीन बंद पडलं तर ते परत सुरू करायचं आणि मुलीनं काम परत करायचं. वेळेत झालं तर झालं. सगळीच मशीनं बंद पडली तर मला शेरा लिहावा लागतो. परीक्षा होऊ शकली नाही."

असा शेरा म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. केंद्र दुसरीकडं जाणार. मुली वीस मैलांवर परीक्षेला जाणार, म्हणजे त्यातल्या निम्म्या जाणारच नाहीत. तबस्सुमच्या वडिलांनी तर, कॉलेज गावात आहे तोवर शीक, एवढ्याच बोलीवर तिला बसवलं होतं. आणि माझं म्हणाल तर डब्यांसाठी नेमलेल्या बाईला डब्यांबरोबरच जावं लागलं असतं.

"सर, बंद केलं तर मुलींनी केलेलं सगळं जाईल. आत्ता ते मशीनच्या डोक्यात आहे. आणि परत चालू करून उपयोग नाही, कारण ज्याला विचारायचं तोच जाग्यावर नाही. तसंच राहू दिलं तर ती वाट बघतात."

"किती वेळ?"

"सर्व्हर येईपर्यंत. दिवसभर लागला तरी."

"आणि मग?"

"जिथं थांबली तिथून पुढं चालू."

"हे तुम्ही स्वतः बघितलंय?"

एकदा बघितलं होतं. एका मशीनवर, तेही पदवीला असताना, आमच्या तिथल्या सरांनी मुद्दाम वायर ओढून दाखवलेलं. अठरांवर कधीच नाही. मी म्हणाले, "बघितलंय."

त्यांनी परत घड्याळ बघितलं. "अकरा चाळीस. त्यानंतर मी पेन काढणार."

मी मुलींना सांगितलं, हात मांडीवर ठेवा. की दाबायची नाही, वायर हलवायची नाही, बटणाकडं तर बघायचंही नाही. मग सरांना म्हणाले, कुणाला बटण दाबू देऊ नका. आणि दारातून परत वळून म्हणाले, तुम्हीपण. पाठीमागं कुणीतरी हसल्यासारखं वाटलं.

शिवणवर्गाच्या दारातच करपलेल्या दुधाचा वास आला, आणि काय झालं असणार ते तिथंच माझ्या लक्षात आलं.

त्या दिवशी रथसप्तमी होती. कॉलेजातल्या सगळ्या बायका मिळून दर वर्षी संक्रांतीचं शेवटचं हळदीकुंकू त्या दिवशी करायच्या. अंगणात शेणी पेटवायच्या, त्यावर दूध ठेवायचं आणि सूर्यासमोर उतू जाऊ द्यायचं. ह्या वर्षी मीच आडवी आले होते. अंगणातला धूर लॅबच्या खिडक्यांतून आत येईल, राख मशीनमध्ये जाईल, परीक्षक काय म्हणतील. प्राचार्याबाईंकडं तीनदा जाऊन मी ते विस्तवाचं बंद करायला लावलं. रीत तर मोडायची नाही, म्हणून हौसाबाईंनी वाट काढली होती. घरची कॉइलची शेगडी आणून शिवणवर्गात लावली, पूर्वेच्या खिडकीपाशी. त्या खिडकीपाशी प्लग एकच, सर्व्हरच्या प्लगच्या शेजारचा. आणि दूध उतू जायलाच ठेवलेलं. ते गेलं. तापलेल्या तारेवर. बोर्डावरचा फ्यूज फट्‌दिशी उडाला.

हळदीकुंकवाची तबकं घेऊन चारपाच बायका भिंतीला चिकटून उभ्या होत्या. हौसाबाई स्टुलावर चढलेल्या, लुगड्याचा काचा मारून, दातात फ्यूजची तार धरलेली. प्लग दोन्ही काढून ठेवले होते त्यांनी, हे मी आधी बघितलं आणि मनात हात जोडले.

"बाई, माझी चूक झाली," त्या दात न उघडताच म्हणाल्या.

"तुमची नाही. धूर नको मीच म्हणाले होते."

तेवढ्यात रडणं ऐकू आलं. ते लांबून मला ऐकू आलं नव्हतं कारण रडून रडून तिचा आवाज बसला होता. आत्याबाई पलीकडच्या दारात उभ्या होत्या. जुई त्यांच्या कडेवर, तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. मला बघताच तिनं दोन्ही हात पसरले आणि अंग पुढं झोकून दिलं. माझ्या ब्लाऊजवर दोन ओले डाग पसरायला लागले.

मी तिच्याकडं गेले नाही. मी सर्व्हरकडं गेले.

हौसाबाईंनी तार गुंडाळली, फ्यूज ठोकून बसवला, वरचा दिवा लागला. मी सर्व्हरचा प्लग लावला, बटण दाबलं. पंखा फिरला. एकाएकी बंद पडलं की असं मशीन उठल्यावर आधी आपली डिस्क तपासून घेतं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि ते होईस्तोवर दुसरं काही करत नाही. पडद्यावर आकडा आला. तीन टक्के. चार. अकरा अठ्ठावीस झाले होते.

मी त्या आकड्याकडं बघत उभी राहिले. ह्याला घाई करता येत नाही, हे मला माहीत होतं. पाठीमागं तो बसका आवाज चालूच होता.

"आता तुझ्या हातात काय काम हाय?" आत्याबाईंनी विचारलं. त्या कधी जवळ आल्या कळलंच नव्हतं.

"काही नाही. हे शंभर होऊ द्यायचे."

"मग बस."

"आत्याबाई, मला बघायला पाहिजे, मधेच थांबलं तर..."

"आकडे मला वाचता येत्यात. बस."

त्यांनी पायमशीनपुढचं एक स्टूल ओढलं, जुईला माझ्या मांडीत ठेवलं, स्वतःचा पदर सोडून माझ्या खांद्यावरून टाकला आणि बायकांकडं नुसतं बघितलं. बायकांनी तोंडं खिडकीकडं फिरवली. मग त्या माझ्याकडं पाठ करून सर्व्हरसमोर उभ्या राहिल्या, कंबरेवर हात देऊन, आणि वाचायला लागल्या.

"एकवीस... बावीस..."

जुईनं आधी चावा घेतल्यासारखं केलं. हुंदका आला, सुटली, परत आली. तिची सगळी छाती हलत होती.

"चौतीस... पस्तीस... छत्तीस."

हौसाबाई स्टुलावरून उतरून माझ्याजवळ आल्या. फरशीवरचं दूध पुसता पुसता खालच्या आवाजात म्हणाल्या, "तासभर झाला आल्यात. लिंबाखाली फिरवत हुत्या पोरीला. म्या म्हनलं बोलवून आनू का, धा मिंटं येतील. तर न्हाई म्हनल्या. तिच्या अठरा पोरी बसल्यात, मधनं उठवायची न्हाई. शिपायालाबी दारातच अडवला त्यांनी, सांगाया निगाला हुता तर."

मी आत्याबाईंच्या पाठीकडं बघितलं. पदर माझ्यावर होता, त्यामुळं पाठीवर नुसतं पोलकं. त्यावर घामाचा मोठा डाग आणि जुईनं रडताना ओढून उसवलेली एक शिवण.

"एकसष्ट," त्या म्हणाल्या. "बासष्ट. आता जरा भराभर जातंय."

जुईचा श्वास हळूहळू सरळ झाला. आणि मग तिनं ते केलं जे ती रोज करायची. पिता पिता डोळे माझ्याकडं लावले, एक हात वर काढून माझ्या मंगळसूत्राची वाटी पकडली आणि घशातल्या घशात ऊं ऊं असा सूर धरला. सकाळी पावणेनऊला तिला पाजून मी उठले तेव्हा तिनं ज्या सुरावर सोडलं होतं, तिथूनच. मधल्या पावणेतीन तासांचा तिच्या तोंडावर मागमूस नव्हता. मला वाटत होतं तिच्यातलं काहीतरी आज कायमचं तुटलं असणार. मी डोळे फाडून शोधत होते. काही तुटलेलं नव्हतं.

"नव्व्याण्णव," आत्याबाई म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

मी वाट बघितली. त्याही वाट बघत होत्या.

"पुढं जाईना," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती मी पहिल्यांदा ऐकली. "बंद पडलं का गं?"

"नाही आत्याबाई. थांबलंय फक्त."

अकरा अडतीस. एकोणचाळीस. मग आकडा गेला, आणि पडद्यावर ओळींमागून ओळी धावायला लागल्या. आत्याबाई एक पाऊल मागं सरल्या.

मी जुईला त्यांच्या हातात दिलं. ती रडली नाही, मंगळसूत्र मात्र सोडेना, ते आत्याबाईंनी तिच्या मुठीतून सोडवलं. पळत लॅबमध्ये गेले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा बेचाळीस झाले होते.

अठरा मुली हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. एकीनंही मान वळवली नाही. चौगुले सर अकरा नंबरच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसले होते, बटणाच्या अगदी पुढ्यात, पहारा दिल्यासारखे. तिन्ही पेनं खिशात होती.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. त्यांनीही बघितलं.

"माझं घड्याळ मागं असतंय," ते म्हणाले.

माझ्या टेबलावरच्या काळ्या पडद्यावर अजून तीच ओळ होती, उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. मग तिच्याखाली दुसरी आली. दोनच शब्दांची: सर्व्हर ठीक. आणि तबस्सुमच्या पडद्यावर, अर्धवट राहिलेल्या एका शब्दापुढं, ती छोटी उभी रेघ लुकलुकायला लागली. गोठायच्या आधी दाबलेली दोन अक्षरं उमटली. मग बारा नंबर. सात. चार. एकेक करत अठरा. कुणी ओरडलं नाही. कीबोर्डांचा आवाज तेवढा हळूहळू वाढत गेला.

सरांनी पेन काढलं. बावीस मिनिटं जादा दिली असं लिहिलं आणि मग थांबून विचारलं, "कारण काय लिहू?"

मी खरं ते सांगितलं. धूर नको मी म्हणाले, म्हणून दूध आत आलं, आणि उतू गेलं. त्यांनी पेन कागदाला लावलं. "विजेच्या तांत्रिक कारणाने," असं म्हणत लिहिलं. मग कागद फिरवून माझी सही घेताना म्हणाले, "आमच्या घरात पण आज ठेवतात. उतू जाताना बघायला मी कधी नसतोच."

दुपारी दीडला त्यांना शिवणवर्गात बोलावून हौसाबाईंनी तिळाची वडी दिली. अठराच्या अठरा मुली पास झाल्या, तबस्सुम पुढं सांगलीला शिकायला गेली. दुसऱ्या वर्षी सर्व्हरला बॅटरी आली. आता तर नवी मशीनं आहेत, प्रत्येकाच्या पोटात आपापली डिस्क. मी अजून त्याच लॅबमध्ये आहे, कायम.

त्या दिवशी घरी परत जाताना वाटेत मी आत्याबाईंना विचारलं होतं, मला बोलावलं का नाही. जुई त्यांच्या खांद्यावर झोपली होती. त्यांनी तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "ही रडत का हुईना, माझ्यापाशी हुती. त्या अठराजणींपाशी तुझ्याशिवाय कोण हुतं?"

जुई आता दहा वर्षांची आहे. दर रथसप्तमीला आम्ही अंगणात शेणी पेटवतो, धूर होऊ देतो, हौसाबाईही येतात. आत्याबाईंना आता वाकवत नाही, त्या पायरीवर बसतात. दूध वर चढायला लागलं की त्या मोजायला घेतात. साठ, सत्तर, पंच्याहत्तर. जुईला ती रथसप्तमीची रीतच वाटते. तुमच्यात मोजत नाहीत का, असं ती मैत्रिणींना विचारते.

नव्व्याण्णवला आत्याबाई गप्प होतात. दूध काठाशी आलेलं असतं, साय थरथरत असते. त्या माझ्याकडं बघतात.

"थांबलंय फक्त," मी म्हणते.

आणि मग ते उतू जातं.